बिनकाठीची फरसबी

धर्मगुरूच्या दारी माणसे नाना प्रश्न घेऊन येतात. मुलीचे लग्न, भावाभावांतला बांध, मुलाचे व्यसन, थकलेल्या वडिलांना कोणी सांभाळायचे, असे ते प्रश्न असतात. सत्तावीस वर्षांच्या सेवेत आम्ही त्यांना जी उत्तरे दिली, त्यांतील बरोबर किती आणि चूक किती याचा हिशेब वर व्हायचा तेव्हा होईल. एका प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही साफ चुकीचे दिले, हे आम्हाला इहलोकीच आणि अवघ्या नऊ आठवड्यांत कळून आले. तो प्रश्न फरसबीचा होता. फरसबी वेलाची लावावी की बुटकी, एवढाच.

ज्यांना हसू येत असेल त्यांनी जरूर हसावे. आम्हीही तो प्रश्न प्रथम असाच हसण्यावारी नेला होता.

२०२२ साली आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका धर्मग्रामात होतो. धर्मगुरुनिवासाच्या मागे, दफनभूमीच्या भिंतीलगत, तीन गुंठ्यांचा एक तुकडा पडून होता. एके काळी तेथे केळी होत्या, पुढे नुसते रान माजले. कोपऱ्यात विहीर आहे आणि तिला मे महिन्यातही गोडे पाणी असते. आमच्या पट्ट्यात आता हे अप्रूपच म्हणायचे. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत या तुकड्याचा विषय हटकून निघे. रविवारच्या मिस्सेला मोटारी रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहतात, तेव्हा येथे फरशी घालून वाहनतळ करावा, असे बहुतेकांचे मत होते. मत काही वावगे नव्हते. ज्या वाड्यांतून आजोबा पायी चर्चला येत, त्या वाड्यांवर आता इमारती उभ्या आहेत आणि नातवंडे दुसऱ्या टोकाच्या इमारतींतून मोटारीने येतात.

अशातच सप्टेंबरात, मरियामातेच्या जन्मोत्सवानंतरच्या आठवड्यात, एक मावशी आमच्याकडे आल्या. त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही. सारी आळी त्यांना मावशीच म्हणते. वय अडुसष्ट. यजमान २०१८ साली देवाघरी गेले. २०२० साली घरची वाडी विकली गेली आणि मावशी मुलासुनेबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहायला गेल्या. मुलगा-सून भली माणसे आहेत, खाण्यापिण्याची ददात नाही. "पण फादर, हाताला माती लागत नाही," मावशी म्हणाल्या. "तो मागचा तुकडा मला कसायला द्या. अर्धी भाजी मी विकेन, अर्धी चर्चची. मुलापुढं हात पसरायला नको वाटतं."

शेवटचे वाक्य त्या खाली बघून बोलल्या. आम्ही ते कौन्सिलच्या बैठकीत सांगितले नाही, बाकीचे सांगितले. अर्धी भाजी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत चौदा गरजू कुटुंबांना द्यावी असे ठरले. एका ज्येष्ठ सभासदांनी अट घातली, "एक हंगाम पाहू. नाही जमलं तर फरशी." सर्वांनी माना डोलावल्या.

आता काय लावायचे? वांगी, मुळा, लाल माठ हे ओघानेच आले. पण दोन गुंठ्यांत एखादे नगदी पीक हवे, जे दादर-बोरिवलीच्या बाजारात पाठवता येईल. फरसबीचे नाव निघाले ते आमच्याच तोंडून. सेमिनरीत असताना बागकामाची पाळी आम्ही हौसेने घेत असू आणि त्या काळी आम्ही लावलेली फरसबी स्वयंपाकघरात नावाजली गेली होती. माणसाला आपल्या तरुणपणीच्या यशाचा पुढे फार उपद्रव होतो.

मावशी लगेच म्हणाल्या, "माझ्याकडे बी आहे, फादर. वेलाची. यजमानांनी धरलेली." त्यांनी पिशवीतून काचेची लहान बरणी काढली. राखेत घोळलेले, करड्या रंगाचे, वर गडद रेघा असलेले बी होते. वाडीतल्या शेवटच्या हंगामाचे, म्हणजे २०२० च्या फेब्रुवारीतले. आम्ही बरणी उन्हात धरून पाहिली, कौतुक केले आणि परत दिली. "वेलाची नको, मावशी. काठ्या कोण आणणार? बुटकीच लावू."

आमच्या बाजूने बोलायचे तर हा निर्णय अविचाराने घेतलेला नव्हता. उलट विचार फार झाला होता. फरसबीला गारवा लागतो. घाटावर, पुरंदर-साताऱ्याकडे, ती पावसाळ्यातही होते आणि म्हणूनच तिकडे तिला श्रावण घेवडा हे गोड नाव पडले आहे. कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे, तो आणि उत्तरेकडचा राजमा हे सारे याच जातीचे वाळवलेले दाणे. आमच्या किनाऱ्यावर मात्र पावसाळ्यात ती कुजते आणि उन्हाळ्यात तिची फुले गळतात. पारा तिशीच्या वर राहू लागला की शेंग धरत नाही. आम्हाला हिवाळा मिळतो तो नोव्हेंबरपासून जेमतेम फेब्रुवारीपर्यंत. अशा आखूड हिवाळ्यात जी लवकर आटोपते ती बुटकी फरसबी बरी, हे कोणीही सांगेल. ती पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत शेंगांवर येते, वेलाची साठ-पासष्ट दिवस घेते. बुटकी गुडघ्याएवढी वाढते, काठी मागत नाही. वेलाची सहा-आठ फूट चढते आणि दोन-दोन रोपांमागे एक काठी धरली तरी गुंठ्याला दीडशेच्या वर काठ्या लागतात. बियाण्यांच्या दुकानात गेलो तर तेथे बुटक्याच जाती मांडलेल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले सुरेखा होती, बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेची अर्का कोमल होती. आम्ही अर्का कोमल घेतली, सव्वा किलो. वेलाच्या बियाण्याबद्दल विचारले तर दुकानदार म्हणाला, "ती आता कोण लावतो, फादर?" आम्हाला आमच्या शहाणपणावर शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटले.

सर्व मृतांचा दिवस पार पडला आणि ४ नोव्हेंबरला, शुक्रवारी, आम्ही टोकणी केली. सरींतले अंतर दीड फूट, दोन बियांतले अर्धा फूट. मावशी ओणव्या होऊन बी टाकत होत्या, आम्ही मागून माती लोटत होतो. मध्येच त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या, थोडे थांबल्या आणि पुन्हा वाकल्या. ते आम्ही पाहिले होते. पाहिले होते, एवढेच.

पीक सुरेख आले. बुटक्या फरसबीचा स्वभाव असा, की ती थोडी पेरे वाढते आणि मग तिच्या शेंड्यालाच फुलोरा येतो. शेंडा फुलात संपला की झाडाची वाढ संपली. मग जी काही फुले यायची ती मागेपुढे एकदमच येतात आणि शेंगाही एकदमच. आम्ही पन्नास दिवसांचा हिशेब केला होता, पण तो पंचांगावर मांडून पाहिला नव्हता. ४ नोव्हेंबरपासून एकोणपन्नासावा दिवस हा २३ डिसेंबर येतो, हे आम्हाला २३ डिसेंबरला समजले.

नाताळच्या आदल्या दोन दिवसांत धर्मगुरूची काय अवस्था असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पापनिवेदनाची रांग दारापर्यंत गेलेली, गोठ्याच्या देखाव्याचे दिवे लागत नाहीत, गायकवृंदाची पेटी बिघडलेली. तिकडे मागच्या अंगणात दोन गुंठे फरसबी एकदम तोडणीला आलेली. फरसबीची शेंग थांबत नाही. आज कोवळी आहे ती चार दिवसांत फुगते, आत दाणे धरते, शिरा येतात, निबर होते आणि मग तिला बाजारात कोणी विचारत नाही. सोसायटीच्या मुलांना निरोप धाडला, तर ती कॅरल गात गावभर फिरत होती. मुलांचा दोष नव्हता. नाताळच्या आठवड्यात त्यांना शेंगा तोडायला बसवणारा आम्ही कोण?

मावशींनी एकटीने तोडणी केली. २३, २४ आणि मग २६, २७ तारखेला, पहाटे. आम्ही मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर गाढ झोपलेले, आणि मावशी सणाचा एकच दिवस सोडून वाकून वाकून शेंगा तोडत होत्या. सोळा दिवसांत एकंदर ११८ किलो फरसबी निघाली. त्यातली सुमारे ४० किलो निबर झाल्याने एका घरच्या म्हशींना गेली. उरलेली आम्ही मोठ्या अभिमानाने वजन करून वहीत लिहिली. वरच्या रांगेत किलो, खालच्या रांगेत रुपये. कोणी किती वेळ वाकले याची रांग त्या वहीत नव्हती.

६ जानेवारी हा महिन्याचा पहिला शुक्रवार होता. पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर घेऊन घरोघर जातो. त्या दिवशी यादीत एक नवे नाव होते. तिसऱ्या मजल्यावर गेलो तर मावशी भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. कंबर धरली होती, उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. सूनबाई म्हणाल्या, "आठ दिवस झाले, फादर. तुम्हाला कळवू नका म्हणाल्या. फरशी टाकतील म्हणून."

आम्ही विधी उरकला. विधी उरकला असेच लिहिले पाहिजे, कारण आमचे लक्ष प्रार्थनेत नव्हते. निघताना आम्ही म्हटले, "मावशी, मला सांगायचं होतं." त्यावर त्या जे बोलल्या ते आम्हाला पाठ आहे. "सांगितलं होतं ना, फादर, पहिल्याच दिवशी. वेलाची शेंग उभ्यानं तोडतात."

नीट आठवले तर त्या दिवशी त्यांनी हे शब्द उच्चारले नव्हते. बरणी पुढे केली होती. पण अडुसष्ट वर्षांच्या बाईने वेलाचे बी पुढे करणे म्हणजे काय, हे ज्याला कळायला हवे होते त्याला काठ्यांचा खर्च दिसत होता.

पुढे एप्रिलमध्ये कौन्सिलची बैठक झाली. ज्येष्ठ सभासदांनी वही मागवली, म्हशींना घातलेल्या चाळीस किलोंवर बोट ठेवले. आम्ही चूक आमची आहे, बाईंची नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यांनी ते मान्यही केले, तरी मोटारींचा प्रश्न त्यामुळे सुटत नव्हता. अखेर निम्म्यावर तडजोड झाली. दीड गुंठ्यावर फरशी, दीड गुंठा मावशींना, आणखी एक हंगाम. आम्हाला वाईट वाटले, तथापि रागावण्याचा अधिकार आम्ही गमावला होता.

त्या पावसाळ्यात आम्ही एक जुना निबंध पुन्हा वाचायला काढला. ग्रेगोर मेंडेल या आगस्तिनी मठवासी धर्मगुरूचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १८६५ मध्ये ब्रून, म्हणजे आजच्या ब्रनो शहरात त्यांनी वाटाण्यावरील प्रयोगांविषयी दोन व्याख्याने दिली आणि १८६६ साली ती छापली गेली. उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचा संकर केला तर पहिली पिढी सगळी उंच निघते. दुसऱ्या पिढीत बुटकेपण पुन्हा डोके वर काढते, उंच ७८७ आणि बुटकी २७७, म्हणजे साधारण तिनास एक. एवढे आम्ही सेमिनरीत असतानाच वाचले होते. परंतु त्याच निबंधाच्या शेवटाकडे मेंडेल फरसबीकडे वळतात, हे आम्ही विसरून गेलो होतो. दहा-बारा फूट चढणारी वेलाची फरसबी आणि बुटकी फरसबी यांचा त्यांनी संकर केला आणि वाटाण्याचाच नियम येथेही लागू पडतो असे त्यांना आढळले. म्हणजे आमच्या प्रश्नातल्या दोन्ही बायका त्या मठाच्या बागेत शेजारी शेजारी नांदल्या होत्या! बागेचा तो पट्टा केवढा, तर पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद. आम्ही गुणाकार केला. अडीच गुंठ्यांहून थोडा कमी.

मेंडेल शेतकऱ्याचे पुत्र होते. रोपे काठ्या, फांद्या आणि ताणलेल्या दोऱ्या यांच्या आधाराने उभी ठेवल्याची नोंद करायला ते विसरत नाहीत. आम्ही हे वाक्य दोनदा वाचले. जगाला आनुवंशिकतेचे नियम सांगणाऱ्या लेखात काठ्यांनाही जागा होती. आणखी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे. दीक्षेनंतर त्यांना रुग्णांच्या सेवेचे, लोकांत जाण्याचे काम दिले होते, पण आजाऱ्याच्या खाटेपाशी त्यांच्या जिवाची इतकी घालमेल होई की ते स्वतःच आजारी पडले. शेवटी १८४९ साली मठाधिपतींनी त्यांना शिकवण्याच्या कामावर पाठवले. आम्हाला आजाऱ्यांच्या खाटेपाशी कधी घालमेल होत नाही. दर पहिल्या शुक्रवारी वीस-बावीस घरे आम्ही दोन तासांत करतो. हा गुण आहे अशी आमची आजवर समजूत होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही मावशींना म्हटले, "या वेळी तुम्ही सांगायचं, आम्ही करायचं." त्या म्हणाल्या, "काठ्या आणा."

मांडव घालणाऱ्या एका धर्मग्रामस्थाने जुने बांबू दिले. सणाच्या मांडवातले, एक बाजू कुजलेली, पण अर्धे कापल्यावर आठ-आठ फुटांचे चांगले निघाले. समोरासमोरचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, वरून एक आडवा टाकायचा, म्हणजे तंबूसारखा आकार होतो आणि खारा वारा आला तरी पडत नाही. या कामाला आमचे तीन दिवस आणि चौघा तरुणांचे दोन रविवार गेले. फरशी झालेल्या दीड गुंठ्यावर मोटारी उभ्या असत आणि त्यांतून उतरणारे लोक विचारत, "फादर, मांडव कसला?" एका गुंठ्याला आम्ही मांडवच घातला होता म्हणा ना. जमीन निम्मी झाली तेव्हा वर चढणाऱ्या झाडाचा दुसरा एक फायदा आमच्या ध्यानी आला. त्याला आकाश फुकट मिळते.

बियाण्याची मात्र पंचाईत झाली. मावशींच्या बरणीतले बी आता तीन वर्षे आठ महिन्यांचे होते. फरसबीचे बी नीट ठेवले तर तीनेक वर्षे चांगले उगवते, पुढे त्याचा जोर ओसरतो आणि आमच्या दमट हवेत अधिकच. १८ ऑक्टोबरला, संत लूक यांच्या सणाच्या दिवशी, आम्ही साठ बिया टोकल्या. दहा दिवसांनी एकोणीस रोपे दिसली. उरलेल्या एकेचाळीस जागा मावशी रोज सकाळी बोटाने उकरून पाहत. शेवटी म्हणाल्या, "गेल्या वर्षी टाकलं असतं तर निम्म्याच्या वर आलं असतं." त्यात तक्रार नव्हती. पावसाबद्दल बोलावे तसे त्या बोलल्या. पण यजमानांच्या हातचे ते बी आमच्या बुटक्या शहाणपणापायी आणखी एक वर्ष बरणीत म्हातारे झाले होते, हे एकोणिसाच्या आकड्याने आम्हाला जितके समजले तितके कुठल्याही आत्मपरीक्षणात समजले नव्हते.

ते एकोणीस वेल बियाण्यासाठी राखून ठेवायचे असे ठरले. इतर काठ्यांखाली केंटकी वंडर नावाची वेलाची जात लावली. तिचे बी मुंबईत तीन दुकाने हिंडून मिळाले. दोन जाती शेजारी लावल्या तर बी बिघडेल का, ही शंका आम्ही मेंडेलच्या आधाराने दूर केली. फरसबीचे फूल उमलण्यापूर्वीच आतल्या आत परागीभवन उरकते, संकर क्वचितच होतो. मावशींना हे ठाऊकच होते, फक्त त्यांच्याकडे त्याला मेंडेल नव्हता. आणि फरसबी ही द्विदल असली तरी वालाप्रमाणे तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी भरपूर धरत नाहीत, तेव्हा शेणखत सढळ हाताने घालावे लागते, हेही त्यांनीच सांगितले. गेल्या वर्षी आम्ही द्विदलाला खत कशाला म्हणून काटकसर केली होती.

नोव्हेंबरात वेल चढू लागले. वेलाच्या फरसबीचा शेंडा फुलोऱ्यात संपत नाही. तो पुढे सरकत राहतो आणि फुले पानांच्या बेचक्यांत येत जातात. खालच्या शेंगा तोडाव्या तो वर नवी फुले. वरून पाहिले तर वेल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने काठीला वेढे घालतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाने मुद्दाम एक शेंडा सोडवून उलट बाजूने गुंडाळला. दुसऱ्या दिवशी तो शेंडा सुटून पुन्हा आपल्या वाटेने निघाला होता. मुलाने आम्हाला विचारले, "फादर, त्याला कोण सांगतं?" उत्तर आमच्या जिभेवर तयार होते, पण आम्ही ते दिले नाही. मुलाला दुसरा शेंडा गुंडाळून पाहायचा होता.

पहिली टोपली नाताळच्या आठवड्यात निघाली, दोन किलोंची. फक्त दोन. कॅरलवाल्यांना बोलवायची गरज पडली नाही. मावशी एक दिवसाआड येत, उभ्याने काठीभोवती फिरत, एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने शेंगा खुडत. डोक्याच्या वरच्या शेंगा आम्ही काढत असू. उंचीचा आम्हाला तेवढाच उपयोग झाला. अर्धा-पाऊण तासात काम आटपे, मग त्या विहिरीच्या कठड्यावर बसून शेंगांचे वाटे घालत. जानेवारीत टोपली मोठी झाली, राखेच्या बुधवारी, १४ फेब्रुवारीला, पुन्हा लहान झाली आणि महिनाअखेर उन्ह चढले तशी फुले गळू लागली. दहा आठवड्यांत ९६ किलो. वहीतले आकडे पाहिले तर पहिल्या वर्षीच्या एकूण उत्पन्नापेक्षा हे कमीच होते. मात्र म्हशींना काही गेले नाही, आणि चौदा कुटुंबांना एकदम ढीगभर शेंगा मिळण्याऐवजी दर आठवड्याला मुठी-दोन मुठी मिळत गेल्या. शीतकपाट नसलेल्या घरात हा फरक केवढा असतो हे आम्हाला त्या घरांतल्या बायकांनी सांगितले.

एवढे वाचून कोणी बुटकीला नावे ठेवू नयेत. मावशींनीच उरलेल्या अर्ध्या गुंठ्यात तिचे तीन वाफे करवून घेतले होते, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेले. पहिला वाफा आटोपतो तो दुसरा शेंगांवर येतो. "ती तरण्या पोरांनी तोडायची," त्या म्हणाल्या आणि सोसायटीच्या मुलांची नावे वाफ्यांना वाटून दिली. मुलांनी तोडली. एका वाफ्यावर मावा पडला तेव्हा साबणाचे पाणीही त्यांनीच मारले. आमच्याकडे काहीच काम ठेवले नाही म्हणून आम्ही विहिरीवर बसलो.

त्या एकोणीस वेलांवरच्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. मार्चमध्ये मावशींनी त्या सोलल्या, बी उन्हात घातले, राखेत घोळले. बरणी भरून वर थोडे उरले. ते त्यांनी पाकिटात घालून ठेवले होते, हे आम्हाला जूनमध्ये कळले, आमच्या बदलीच्या दिवशी. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, मानपत्र झाले. मानपत्रात आम्ही "हरित उपक्रमाचे प्रणेते" असल्याचे लिहिले होते. ते वाचले जात असताना आम्ही मावशींकडे पाहिले नाही. समारंभानंतर त्यांनी पाकीट हातात दिले. "पन्नास आहेत, फादर. मोजून. दोन पावसाळ्यांच्या आत लावा."

आमच्या नव्या धर्मग्रामाला अंगण नाही. तिन्ही बाजूंना इमारती, चौथ्या बाजूला रस्ता. गच्चीवर ऊन आहे, पण वारा असा की आठ फुटी काठी तेथे टिकणार नाही. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही गच्चीवर तेलाच्या डब्यांत बुटकी फरसबीच लावली, सहा डबे, पंधरा-पंधरा दिवसांनी दोन-दोन. आमच्या एकट्याच्या ताटापुरती ती पुरते आणि आमच्या कमरेची अद्याप तक्रार नाही.

पाकिटातल्या पन्नासांपैकी पंचवीस बिया आम्ही त्याआधी, ऑक्टोबरातच, आमच्या चर्चच्या सेवेकऱ्यांकडे दिल्या होत्या. त्यांच्या घरामागे चार हात जागा आहे आणि पत्नीला बागेची आवड आहे. देताना आम्ही तीन प्रश्न विचारले. काठ्या आहेत का? तोडणार कोण? त्यांना वाकता येते का? सेवेकरी आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिले.

एकवीस उगवल्या. आम्ही त्याच संध्याकाळी मावशींना दूरध्वनी केला. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला, मग म्हणाल्या, "सगळ्या खाऊ नका म्हणावं. जो वेल आधी काठी धरेल, त्याच्या खालच्या शेंगा बियाला ठेवा." मागे कुकरची शिट्टी झाली आणि त्या फोन ठेवून गेल्या.